सुकाणूं उतरवितांना

वैशाखांतील उकाड्याचे चार दिवस मुळशीच्या तलावाकांठीं काढावे, सोबत नेलेलीं दोन पुस्तकें वाचून संपवावीं आणि पुण्यास परत यावें, एवढाच बेत करून आम्ही घरून निघालों होतों. पुस्तकें पिशवींतून बाहेरहि निघालीं नाहींत. आमचे थोरले मेहुणे तेथें एक लहानसें घर बांधून राहिले आहेत. सरकारी नोकरींत पूल बांधण्यांत सारी हयात गेल्यामुळें पेन्शनींतहि त्यांचे हात स्वस्थ राहत नाहींत. दहा वर्षांपूर्वीं त्यांनीं मुंबईहून एक जुनी शिडाची होडी आणविली. लांबी चौदा फूट, एक डोलकाठी, दोन शिडें, आणि माणसें दाटीनें बसलीं तर तीन. लागते ती परवानगी काढून सुटींत घरच्या मुलांना तींतून फिरविणें हा त्यांचा छंद. आम्ही पोंचलों त्या सकाळीं ही होडी चिखल सुकून भेगाळलेल्या जमिनीवर दोन ओंडक्यांच्या आधारानें उभी होती, आणि मेहुणे तिच्या पिछाडीशीं उकिडवे बसून सुकाणूकडे टक लावून पाहत होते. घरांतल्या जुन्या विश्वासू माणसाच्या हिशेबांत चूक सांपडावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"भाऊजी, झालें तरी काय?" आम्हीं विचारलें.

"काय झालें तें काढल्यावांचून कळणार नाहीं," एवढेंच ते म्हणाले.

फाल्गुनांत घडलेली हकीकत मग ताईनें चहाबरोबर सांगितली. आमची भाची, म्हणजे ताईची धाकटी मुलगी, शीड चालविण्यांत वडिलांपेक्षांहि तरबेज आहे. एके दिवशीं दुपारीं ती आपल्या दहा वर्षांच्या चुलतभावाला घेऊन पाण्यांत गेली. घाटाकडून येणारा वारा दुपारनंतर जोर धरतो, तसा त्यानें धरला. परत फिरावें म्हणून तिनें सुकाणूचा दांडा ढकलला, तों दांडा फिरला पण होडी फिरली नाहीं. मागें वळून पाहते तों सुकाणूं पिछाडीच्या फळीपासून एका बाजूनें सुटून लोंबकळत होतें. दोघांच्या अंगांत जीवरक्षक जाकिटें होतीं, हें खरें; तरी कांठ अर्धा मैल दूर होता आणि मुलगा रडकुंडीस आला होता. पोरीनें डोकें थंड ठेविलें. पुढचें शीड भरूं दिलें म्हणजे होडीचें तोंड वाऱ्यापासून दूर जातें आणि मागचें ताणलें म्हणजे तें वाऱ्याकडे येतें, हें ती शिकलेली होती. दोन्ही शिडांच्या दोऱ्या आळीपाळीनें सोडीत व ओढीत, आणि मुलाच्या हातीं दिलेलें वल्हें मागें पाण्यांत धरवीत, तिनें दोन तासांनीं होडी कशीबशी कांठाला लाविली. घरीं येऊन ती एवढेंच म्हणाली, "बाबा, सुकाणूं पाहायला हवें."

ताई हें सांगत असतां भाऊजी खालीं मान घालून चहा पीत होते.

आतां तें सुकाणूं वैशाखापर्यंत तसेंच कां राहिलें, असें वाचक विचारतील. त्याचें कारण मुळशीच्या पाण्यांत आहे. मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यांत टाटा कंपनीनें बांधलेल्या धरणाचें पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पलीकडे, भिऱ्याच्या वीजघराकडे सोडतात. १९२७ पासून तें असें उलट्या दिशेस, म्हणजे पश्चिमेस, वाहत आहे. समुद्राला दिवसांतून दोनदां भरती येते. मुळशीच्या तलावाला वर्षांतून एकदांच. श्रावण-भाद्रपदांत तो तुडुंब होतो आणि चैत्र-वैशाखांत वीजघरानें पिऊन पिऊन त्याचे कांठ उघडे पडतात. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडींत मराठ्यांच्या आरमाराची खडकांत खोदलेली गोदी ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना ही युक्ति ठाऊक आहे: भरतीबरोबर जहाज आंत घ्यावें आणि ओहोटीनें तें आपोआप कोरडें पडूं द्यावें. भाऊजींनींहि होडी फाल्गुनांतच एका उथळ जागीं बांधून ठेविली आणि मुळशीच्या वार्षिक ओहोटीची वाट पाहिली. दोन महिन्यांनीं होडी जमिनीवर होती आणि पाणी शंभर पावलें दूर गेलें होतें.

या पाण्याखालीं काय आहे, हें महाराष्ट्रीयांस सांगावयास नको. १९२१ ते १९२४ या काळांत ज्या जमिनींसाठीं मावळ्यांनीं सत्याग्रह केला आणि ज्या लढ्यानें पांडुरंग महादेव बापटांस 'सेनापति' हें नांव मिळालें, त्या जमिनी तेथेंच खालीं आहेत. पाणी उतरलें म्हणजे आजहि कांठालगत दगडी बांधांच्या ओळी वर येतात. माघांत एकदां कांठाशीं येतांना होडीला खालून खट्ट असा धक्का बसला होता, ही गोष्ट भाचीला त्या वैशाखांत तो उघडा बांध पाहून आठवली. उथळ पाण्यांत येतांना होडीच्या पोटांतली उतरती फळी वर ओढून घेतात. पण या होडीचें सुकाणूं अखंड लाकडी पात्याचें असल्यामुळें तें खालींच राहतें. कोणा शेतकऱ्यानें शंभर वर्षांपूर्वीं भाताच्या खाचरासाठीं रचलेल्या दगडावर तें आदळलें होतें.

भाऊजी पुलांचे इंजिनिअर असले तरी होडीचें काम त्यांनीं एका मेस्त्रींवर सोंपविलें होतें. हे मेस्त्री श्रीवर्धनकडचे. तरुणपणीं होड्या बांधण्याचें काम केलेलें, पुढें तें कमी झाल्यावर ताम्हिणी घाट चढून घरांचीं छपरें आणि दारें-खिडक्या करण्याकरितां इकडे आलेले. ते आले, त्यांनीं टोपी काढून गुडघ्यावर ठेविली आणि पाव तास कशालाहि हात लाविला नाहीं. नंतर एका हातानें दांडा घट्ट धरून दुसऱ्या हातानें पात्याचें खालचें टोंक हलविलें. दांडा जागचा हलला नाहीं. टोंक मात्र अंगठ्याएवढें इकडून तिकडे गेलें.

"हा खेळ बघा, काका," ते भाऊजींना म्हणाले, "हा एका दिवसाचा नाहीं."

सुकाणूं लहान होडीला कसें बसविलेलें असतें, हें आम्हीं प्रथमच नीट पाहिलें. पिछाडीच्या उभ्या फळीवर पितळेच्या दोन कड्या, एक वर व एक खालीं. आणि सुकाणूच्या पुढच्या धारेवर खालीं तोंड केलेल्या दोन खुंट्या. खुंट्या कड्यांत वरून बसतात आणि सुकाणूं दाराप्रमाणें फिरूं लागतें. खालची खुंटी वरच्यापेक्षां बोटभर लांब असते, म्हणजे हलत्या पाण्यांत बसवितांना प्रथम ती एकटी जागेवर नेतां येते आणि मग वरची आपोआप समोर येते. दोन्ही एकाच वेळीं साधण्याची कसरत करावी लागत नाहीं. अशा लहानशा गोष्टींत किती पिढ्यांचें शहाणपण सांठलेलें असतें! लाकडी पातें पाण्यानें उचललें जाऊन कड्यांतून निसटूं नये म्हणून वर एक पोलादी चाप असतो. आणि सुकाणूच्या माथ्यांतून आडवा गेलेला दांडा एका बोल्टानें जखडलेला असतो.

हें वाचतांना वाटतें, कीं चाप दाबावा, सुकाणूं वर उचलावें, काम झालें. तसें घडत नाहीं. मेस्त्रींनीं आधीं सुकाणूला एक दोरी बांधून तिचें दुसरें टोंक होडीला बांधलें. "आतां तर होडी जमिनीवर आहे, दोरी कशाला?" असें आम्हीं आपलें अज्ञान प्रकट केलें. "सवय असावी, मामा," भाची हळूच म्हणाली, "पाण्यावर काढायचें झालें तर हातांतून सुटलेलें सुकाणूं परत येत नाहीं." मग त्यांनीं कड्यांच्या व खुंट्यांच्या जागा खडूनें आंखून घेतल्या. बोल्ट गंजून बसला होता. भाऊजी हातोडी घेऊन पुढें झाले, तेव्हां मेस्त्रींनीं ती त्यांच्या हातांतून नम्रपणें काढून घेतली, बोल्टावर तेल सोडलें आणि सर्वांना जेवायला जाण्यास सांगितलें. जेवणें, वामकुक्षी आणि दुसरा चहा झाल्यावर बोल्ट अर्धा फेरा फिरला. मग पुन्हां तेल. संध्याकाळीं तो निघाला.

दुसऱ्या दिवशीं सुकाणूं उचलूं लागलें तों वरची खुंटी सुटली आणि खालची अडकली. तेथेंहि जोर न लावतां, लाकडी मोगरीनें खालून हलके हलके ठोके देत, मधून मधून पातें किंचित् फिरवीत, मेस्त्रींनीं तें सोडविलें. खुंटी बाहेर आली तेव्हां तिच्या मध्यावर कंबर झाली होती. दहा वर्षें कडींत फिरून फिरून पितळ झिजलें होतें आणि कडीचें भोंक लांबट झालें होतें. पण खरें दुखणें याहून आंत होतें. वरची कडी ज्या चार मळसूत्री खिळ्यांनीं फळीला बसविली होती, त्यांतील दोन खिळे पेचकस लावतांच डोक्याशीं तुटले. ते साध्या पोलादाचे होते. पितळ आणि पोलाद ओल्या लाकडांत शेजारीं शेजारीं राहिलीं कीं पोलाद खाल्लें जातें. समुद्राच्या खाऱ्या पाण्यांत तें लवकर होतें, गोड्या पाण्यांत सावकाश, पण चुकत नाहीं. कडी निघाल्यावर खालीं काळें लाकूड दिसलें. मेस्त्रींनीं पेचकसाचें टोंक त्यावर टेंकविलें, आणि ओल्या गुळांत जावें तसें तें बोटभर आंत गेलें.

भाऊजी बराच वेळ बोलले नाहींत. शेवटीं म्हणाले, "मेस्त्री, मी दरवर्षीं रंग देत आलों. दोन हात. उत्तमांतला उत्तम."

"रंग दिलात, काका. पण काढलंत कधीं?"

या प्रश्नांत टोमणा नव्हता; मेस्त्रींना खरोखरच तें ठाऊक करून घ्यावयाचें होतें. भाऊजींनीं एकदांहि सुकाणूं उतरविलें नव्हतें. दर मार्गशीर्षांत कड्यांच्या भोंवतालून, खिळ्यांच्या माथ्यांवरून, निळा तैलरंग असा सफाईनें चढत गेला, कीं खिळ्याच्या कडेनें आंत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडण्यास वाटच राहिली नाहीं. आणि माघांतल्या धक्क्यानें पात्यांत पडलेली उभी चीरहि वरच्या पितळी पट्टीखालीं लपली होती. पट्टी काढल्यावरच ती दिसली. भाचीनें त्या दुपारीं वाऱ्याशीं झुंज दिली ती या कुजक्या लाकडाच्या आणि दोन उरलेल्या खिळ्यांच्या भरंवशावर. बापाच्या मनांत तेव्हां काय आलें असेल, तें आम्हीं विचारलें नाहीं. त्या रात्रीं ते जेवले थोडें.

जेवणानंतर ओटीवर भाचीनें मोठ्या नौकांच्या गोष्टी काढल्या. बापाला बरें वाटावें हा तिचा हेतु असावा, असा आमचा तर्क आहे. मोठ्या शिडाच्या नौकेचें सुकाणूं पिछाडीला टांगलेलें नसतें; त्याचा जाड दंड नौकेच्या तळांतून एका नळींतून वर येतो आणि पातें खालीं पाण्यांत असतें. तें काढावयाचें तर खालीं सोडावें लागतें. म्हणून नौका यारीनें पुरेशी उंच उचलावी लागते, नाहीं तर तिच्याखालीं जमिनींत खड्डा खणावा लागतो. पातें दोन कवचांचें व आंत फेंस भरलेलें असतें. दंड जेथें पात्यांत शिरतो तेथून पाणी आंत जातें, आणि बंद जागेंत हवा न मिळाल्यामुळें न गंजणारें म्हणून मिरविणारें पोलादहि गंजतें. कारागीर पात्याच्या तळाशीं बारीक भोंक पाडून पाहतात. कांहीं गळलें नाहीं तर ठीक. तांबूस पाणी गळलें तर आंतला सांगाडा गेला असें समजावें.

गोव्यास दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत बांधलेल्या 'म्हादई' नांवाच्या ५६ फुटी नौकेंतून आपल्या आरमाराचे कॅप्टन दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळांत एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असें करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यामागें प्रेरणा होती ती व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची, ज्यांनीं निवृत्तीनंतर समुद्रापासून दूर, फलटणजवळ विंचुर्णीस घर केलें होतें. त्याच कारखान्यांतील 'तारिणी' १० सप्टेंबर २०१७ रोजीं सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन गोव्याहून निघाली. दक्षिण समुद्रांतील वादळें तिनें सोसलीं. पण केपटाउनहून परततांना, घर दृष्टिपथांत आलें असें वाटत असतांना, सुकाणूची यंत्रणा बिघडली, आणि एप्रिल २०१८ मध्यें तिला वाट वांकडी करून मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरांत शिरावें लागलें. दुरुस्ती होऊन २१ मे २०१८ ला ती गोव्यास पोंचली. आणखी एक गंमत भाचीनें सांगितली. अभिलाष टॉमी हे २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब शर्यतींत एकटेच जग फिरत असतां त्यांच्या वाऱ्यावर चालणाऱ्या स्वयंचलित सुकाणूचें पातें मोडलें, तेव्हां त्यांनीं नौकेंतील शौचकूपाचें दार कापून नवें पातें केलें आणि दुसरा क्रमांक पटकाविला! हें ऐकून भाऊजी प्रथमच हंसले. परंतु १९७९ च्या ऑगस्टांतील फास्टनेट शर्यतीची गोष्ट हंसण्यासारखी नव्हती: त्या वादळांत १५ नाविक मृत्यु पावले, आणि कित्येक नौकांचीं नव्या, हलक्या पदार्थाचीं केलेलीं सुकाणूं त्याच रात्रीं मोडलीं.

बोलतां बोलतां शब्दांवर गोष्ट आली. 'सुकाणूं' हा शब्द आपला वाटतो, पण तो अरबी 'सुक्कान' पासून आलेला आहे; 'खलाशी' हि तिकडचाच. आपल्या किनाऱ्यावर कोणाशीं व्यापार चालत असे, हें त्यावरून उघड होतें. संस्कृतांत मात्र 'कर्ण' म्हणजे कान, तसेंच नावेचें सुकाणूं. म्हणून तें धरणारा तो कर्णधार. कौटिल्यानें नावध्यक्षाच्या प्रकरणांत मोठ्या नावेवरील माणसांमध्यें 'निर्यामक' सांगितला आहे, तोहि हाच. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांत तीन डोलकाठ्यांचें जें जहाज रंगविलें आहे, त्याला पिछाडीच्या मध्यावर सुकाणूं नाहीं. बाजूस धरलेलीं सुकाणूचीं वल्हीं आहेत. नावेच्या दोन्ही अंगांस कानांसारखीं लोंबणारीं तीं वल्हीं पाहूनच कोणाला 'कर्ण' हा शब्द सुचला असेल काय? आम्हांस तसें वाटतें. भाषाशास्त्रज्ञांनीं रागावूं नये. मध्यावरचें सुकाणूं चीनमध्यें इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील मातीच्या नावेवर दिसतें, आणि खुंटी-कडीचें युरोपांत बाराव्या शतकांत. म्हणजे मुळशीच्या कांठावर आमच्यापुढें पडलेली ती झिजलेली खुंटी मोठ्या घराण्यांतली होती.

दुरुस्तीचें काम त्या मानानें सरळ होतें, पण त्याला घाई चालत नव्हती आणि उशीरहि चालत नव्हता. ओलें लाकूड सुकल्यावांचून त्यावर कांहींहि चढविलें तर पुन्हां तीच गत. आणि मुळशीचा पाऊस एकदां सुरू झाला कीं आश्विनापर्यंत तेथें पापडहि वाळत नाहीं. मृगापूर्वीं जें सुकेल तेंच सुकणार होतें. सुकाणूं खरवडून सावलींत, वाऱ्यावर टांगलें. तें सुकलें हें ओळखावें कसें? यावर ताईनें तोड काढली. वाण्याकडून तिनें तराजू मागून आणला आणि दर रविवारीं सुकाणूं तोललें. पहिल्या दिवशीं सहा किलो आठशें ग्रॅम भरलें. तीन आठवड्यांत तें सहा किलोंच्या खालीं आलें, आणि दोन रविवार वजन हललें नाहीं तेव्हां तिनें "आतां करा" असें सांगितलें. जवळ जवळ एक किलो पाणी तें पातें पोटांत घेऊन हिंडत होतें!

मग मेस्त्रींनीं पिछाडीच्या फळीचा कुजका भाग पटाशीनें चांगलें लाकूड लागेपर्यंत काढला आणि तेथें सागवानाचा तुकडा सांधला. चिरेंत इपॉक्सी भरली. खिळ्यांच्या जागीं आरपार बोल्ट घालण्याचें ठरलें, व आंतून त्यांना एक पट्टी दिली, म्हणजे ओढ सगळ्या फळीवर पसरावी. बोल्टांचीं भोकें गिरमिटानें आधीं मुद्दाम मोठीं पाडून इपॉक्सीनें बुजविलीं, आणि ती घट्ट झाल्यावर तिच्यांतून पुन्हां बारीक भोकें पाडलीं. आतां पाणी झिरपलेंच तर त्याला लाकूड भेटणार नाहीं. पूल बांधणाऱ्या भाऊजींना ही कल्पना फारच आवडली, ते तीन वेळां "वा!" म्हणाले. नव्या खुंट्या व कड्या मुंबईहून आल्या, त्या ब्राँझच्या, आणि बोल्टहि ब्राँझचेच. मृगाचा पहिला पाऊस आला तेव्हां शेवटचा हात वाळून चार दिवस झाले होते.

सुकाणूं तेव्हांच होडीला लाविलें नाहीं. "आमच्याकडे पावसाळ्यांत होड्या वर ओढून झांपांखालीं शाकारतात आणि सुकाणूं घरांत ठेवतात," मेस्त्री म्हणाले. "नारळी पुनवेपर्यंत त्याला विसांवा." होडी वरच्या पडवींत गेली, आणि सुकाणूं चार महिने माजघराच्या भिंतीवर, दोन खुंट्यांवर, जुन्या तसबिरींच्या शेजारीं टांगलेलें राहिलें. येणारीं-जाणारीं माणसें त्याविषयीं विचारीत आणि भाऊजी न लाजतां सगळी हकीकत सांगत.

दिवाळींत आम्ही पुन्हां गेलों. तलाव कांठोकांठ भरला होता आणि वैशाखांत होडी जेथें उभी होती तेथें आतां खोल निळें पाणी होतें. भाचीनें सुकाणूला दोरी बांधली, लांब खुंटी खालच्या कडींत टेंकविली, मग वरची. चाप बसल्याचा आवाज झाला. पात्याचें टोंक धरून तिनें हलवून पाहिलें आणि मग वडिलांना हलवून पाहण्यास सांगितलें. कांहींच हललें नाहीं. तो दहा वर्षांचा मुलगा आढेवेढे घेत कांठावर उभा होता. "ताई, तो दगडाचा बांध कुठें गेला?" त्यानें विचारलें.

"इथेंच आहे, आपल्या खालीं. माघांत परत वर येईल," असें म्हणून तिनें पुठ्ठ्यावर चिकटविलेला एक नकाशा बाहेर काढला. वैशाखांत उघड्या पडलेल्या प्रत्येक बांधाची ओळ तिनें पावलांनीं मोजून त्यावर उतरविली होती. तिनें तो नकाशा मुलाच्या हातीं दिला आणि त्याला होडीच्या पुढच्या बाकावर बसविलें.

भाऊजींनीं होडी पाण्यांत लोटली.